उपद्रव कोणास म्हणावें?

मनुष्यांप्रमाणें रोगांतहि थोर-लहान असा भेद आपल्या समाजानें केलेला आहे. ज्या रोगास मोठें नांव आहे त्याच्यासाठीं सप्ताह साजरे होतात, समित्या नेमल्या जातात, मंत्रिमहाशयांचीं भाषणें होतात. त्याच्या मागोमाग त्याच शरीरांत शिरणारीं जीं दुसरीं दुखणीं, तीं मात्र कोणाच्याच खात्यांत मोडत नाहींत. ‘मूळ रोगच बरा होणारा नाहीं, मग या बारीकसारीक तक्रारी घेऊन काय बसावयाचें?’ हें वाक्य सुशिक्षित घरांत, दवाखान्यांत आणि कचेरींत सारख्याच सहजतेनें बोललें जातें. तें ऐकावयास पोक्त वाटतें. पण तें घातक आहे, आणि त्यापायीं माणसें पंगु होतात व मरतात, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे.

मूळ व्याधीच्या मागून आणि तिच्या आश्रयानें उद्भवणाऱ्या व्याधीस चरकानें ‘उपद्रव’ अशी संज्ञा दिली आहे. मूळ व्याधि शमली म्हणजे उपद्रव बहुधा शमतो, हें त्यास मान्य आहे. परंतु लगेच तो बजावतो कीं, आधींच थकलेल्या शरीरावर उपद्रव येत असल्यानें तो अधिक पीडा देतो. सबब त्याचा बंदोबस्त त्वरेनें करावा. आम्हीं तो शब्द ठेवला आणि ती ताकीद टाकून दिली. आज उपद्रव म्हणजे नसती कटकट, एवढाच अर्थ आमच्या हातीं उरला आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. नागपुरास, विशेषतः इतवारींत, राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तो रोज चालतो. भंडारा-गोंदियाकडून गाडीनें येणारीं माणसें इतवारी स्टेशनावर उतरतात. नागभीडची नॅरोगेज चालू होती तोंवर, म्हणजे २०१९ पर्यंत, तिकडचींहि येथेंच उतरत. कोणी सराफा ओळींत डाग मोडावयास जातो, कोणी मस्कासाथेंत किराणा भरावयास. आणि कांहीं जण हातांत फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन मेयो रुग्णालयाची वाट धरतात. पिशवींत वर्षानुवर्षांचे कागद असतात, आणि त्यांपैकीं कित्येकांवर ‘सिकलसेल’ हा शब्द असतो. डाग मोडणारा आणि पिशवी वाहणारा हीं दोन्ही माणसें पुष्कळदां एकाच घरचीं असतात.

या रोगांत तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन जन्मतःच सदोष असतें. प्राणवायु कमी पडला, अंगांतलें पाणी आटलें किंवा ताप आला, कीं त्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं १९१० मध्यें या पेशींचें प्रथम वर्णन केलें. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे, हें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ मध्यें सिद्ध केलें. भारतांत १९५२ मध्यें निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला, आणि १९५८ मध्यें शुक्ल व सोळंकी यांचा मध्य भारतांतील सिकल-दोषावरील निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. म्हणजे या मुलखास हा रोग साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ‘संकट नवें आहे’ ही सबब आम्हांस उरलेली नाहीं. उरली आहे ती दुसरीच. आदिवासी, दलित व कांहीं मागासवर्गीय समाजांत तो अधिक आढळतो. म्हणून आमच्या दिवाणखान्यांतून तो ‘त्यांचा’ रोग ठरला आहे.

आतां या ‘बारीकसारीक’ तक्रारी कोणत्या तें पाहूं. पेशी सतत फुटत असल्यानें रोग्याचे डोळे पिवळे दिसतात. घरचीं माणसें कावीळ म्हणतात. मग झाडपाला, उसाचा रस आणि कडक पथ्य सुरू होतें. इकडे पित्ताशयांत खडे सांचत असतात, आणि एके रात्रीं पोटांत असह्य कळ उठते. जी शस्त्रक्रिया सवडीनें, रोग्यास पुरेसें पाणी, ऊब आणि जरूर तर रक्त देऊन करावयाची, ती मग घाईंत होते. आणि या रोग्यास घाई सर्वांत महाग पडते. दुसऱ्या कोणाच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. प्रारंभीं साध्या क्ष-किरण चित्रांत कांहींच दिसत नाहीं; मुलगा लंगडतो, त्यास ‘वात’ म्हणतात, आणि हाड खचल्यावर खुबा बदलण्याची भाषा निघते. तिसऱ्याच्या मूत्रपिंडास लघवी दाट करतां येत नाहीं. तें मूल रात्रीं अंथरूण ओलें करतें आणि सकाळीं मार खातें. नागपुरांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. अशा गांवीं, अंगांतलें पाणी राखूं न शकणाऱ्या मुलास वर्गांत पाण्याची बाटली जवळ ठेवूं न देणें, याला शिस्त म्हणत नाहींत.

याहूनहि विपरीत गोष्ट ही, कीं एका दुखण्यावरचा उपाय दुसऱ्या दुखण्यास खतपाणी घालतो. हाडें ठणकूं लागलीं कीं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या येतात. वरचेवर घेतलेल्या याच गोळ्या दुबळ्या मूत्रपिंडास आणखी दुबळें करतात. चेहरा पांढुरका दिसला कीं लोहाचें टॉनिक सुरू होतें. वास्तविक फुटलेल्या पेशींतील लोह शरीरांतच राहतें, आणि वारंवार रक्त भरलेल्या रोग्यांत तें सांचून यकृतास अपाय करतें. तपासून कमतरता ठरल्याखेरीज लोह देणें हें औषध नव्हे, अविचार आहे. हाडांचे तज्ज्ञ खुबा पाहतात, पोटाचे तज्ज्ञ खडे पाहतात, नेत्रतज्ज्ञांकडे कोणी पाठवीतच नाहीं. हा दोष कोणा एका रुग्णालयाचा नव्हे, साऱ्या व्यवस्थेचा आहे. रोग्याचा संपूर्ण वृत्तांत एकाच ठिकाणीं असतो, आणि तें ठिकाण म्हणजे ती प्लास्टिकची पिशवी.

‘पण मूळ रोग जात नाहीं तोंवर याचा उपयोग काय?’ या प्रश्नास इतिहासानें उत्तर दिलेलें आहे. अमेरिकेंत १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत सिकलसेलच्या २१५ लहान मुलांपैकीं कांहींस रोज पेनिसिलिन दिलें आणि कांहींस नुसती दिसावयास तशीच गोळी दिली. पेनिसिलिन घेणाऱ्यांत न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनीं कमी झाला. चाचणी मुदतीपूर्वींच थांबवावी लागली. पेनिसिलिननें एकहि विळा सरळ केला नाहीं. मूळ रोगास त्यानें स्पर्शहि केला नाहीं. त्यानें फक्त उपद्रव अडविला, आणि मुलें जगलीं. पुढें १९९८ मध्यें मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून धोक्यांतील मुलांस नियमित रक्त दिल्यानें पक्षाघाताचें प्रमाण ९२ टक्क्यांनीं घटलें. ही प्रगति मूळ रोग नाहींसा करून झालेली नाहीं. गौण म्हणून हिणविलेल्या दुखण्यांशीं झुंजून झालेली आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, भारतीयांतील सिकलसेल सौम्य असतो. आपल्याकडील अनेक रोग्यांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनचें प्रमाण अधिक राहतें, आणि पायांवरचे व्रण क्वचित् दिसतात, हें खरें. पण सरासरीचा सौम्यपणा खचलेल्या खुब्यास दिलासा देत नाहीं. नागपूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांना हायड्रॉक्सियुरिया कमी मात्रेंत देऊन चाचण्या केल्या, त्या कांहीं सौम्य रोगाची हौस म्हणून नव्हे.

तिसरे गृहस्थ म्हणतील कीं, आतां जनुकोपचार निघाला आहे, थोडी वाट पाहावी. तो उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेंत मान्य झाला. अमेरिकेंतील त्याची किंमत एका रोग्यामागें २२ लाख डॉलर जाहीर झाली. इतवारीच्या साऱ्या सराफा ओळीनें मनावर घेतलें तरी अशीं किती माणसें बरीं होतील, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हें तिचें ध्येय आहे. मोहिमेंत उपचारहि सांगितलेले आहेत. पण सभेंत टाळ्या पडतात त्या तपासण्यांच्या आणि वांटलेल्या कार्डांच्या आंकड्यांस. तपासणी हवीच. परंतु २०४७ मध्यें जें मूल सिकलसेल घेऊन जन्मणार नाहीं त्याची एवढी काळजी वाहणाऱ्यांनीं, जें आज सतरा वर्षांचें आहे आणि जिना चढतांना कठड्यास धरून उभें राहतें, त्यास काय उत्तर द्यावयाचें? कार्ड हातीं देणें ही उपचाराची सुरुवात आहे. आम्ही तीच समाप्ति मानीत चाललों आहों.

कायद्यांतील विसंगति तर याहून बोलकी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सिकलसेलचा अपंगत्वांच्या यादींत समावेश केला. ठराविक प्रमाणाचें अपंगत्व असल्यास उच्च शिक्षणांत राखीव जागा मिळूं शकते. परंतु सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाच्या कलमांत रक्तविकारांस स्थान नाहीं, हालचालीच्या अपंगत्वास मात्र आहे. याचा अर्थ असा कीं, खुबा शाबूत असलेल्या सिकलसेलच्या रोग्यास त्या कलमाचा लाभ नाहीं; खुबा निकामी झाला म्हणजे तो मिळूं शकतो. जें हाड वेळींच वांचवावयाचें, तें गेल्याचा दाखला आणणारास आम्ही नोकरीच्या रांगेंत उभें करतों!

आमची मागणी अवाढव्य नाहीं. प्रत्येक रोग्याची एकच वही असावी, आणि ती उघडून आरंभापासून वाचणारा एक डॉक्टर ठरलेला असावा. वर्षांतून एकदां डोळे, लघवींतील प्रथिन, पित्ताशय आणि खुबे तपासावेत. लसी वेळेवर टोंचाव्यात. ताप आला तर त्याच दिवशीं दवाखाना, हा नियम प्रत्येक आईस पाठ असावा. वेदनाशामक गोळी मागणारास ‘सिकलसेल आहे काय?’ एवढा प्रश्न विचारण्याचें सौजन्य औषधविक्रेत्यानें दाखवावें. आमच्या महाविद्यालयांनींहि आपल्या ७५ टक्के हजेरीच्या नियमाकडे एकदां निरखून पाहावें. जो विद्यार्थी वर्षांतून चार वेळां रुग्णालयांत पडून राहतो, त्याची गैरहजेरी आणि मॅटिनी पाहावयास गेलेल्याची गैरहजेरी एकाच रकान्यांत मांडणें, हा न्याय नव्हे.

यांतील एकाहि गोष्टीस नव्या शोधाची जरूर नाहीं. वही पाहिजे, वेळ पाहिजे, आणि ज्यास आपण उपद्रव म्हणतों तें समोरच्या माणसाचें सारें जगणें आहे, एवढी जाणीव पाहिजे. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी सरकार देऊं शकेल. तिसरी आपण सुशिक्षितांनींच द्यावयाची आहे, आणि आजवर ती आपण दिलेली नाहीं.