खारपाणपट्ट्यात डायलिसिस मोफत, पण किडनीची वेळेवर तपासणी कोण करणार?

अकोला : पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं खारपाणपट्ट्यात येतात. दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूर या तालुक्यांत किडनीच्या आजाराची चर्चा निघाली की पहिलं बोट पाण्याकडे जातं.

ते उगाच नाही. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त आहेत. खारं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की बीपी वाढतो आणि वाढलेला बीपी किडनी खराब करतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. त्यामुळे गोडं पाणी पुरवणं ही शासनाचीच जबाबदारी आहे.

पण सगळा दोष पाण्यावर टाकून भागत नाही. किडनी निकामी होण्याची जगभरातली दोन मोठी कारणं म्हणजे शुगर आणि बीपी. 'आता बरं वाटतंय' म्हणून यांची गोळी बंद करणारे गावोगावी आहेत. त्यात भर अंगदुखीच्या गोळ्यांची. दिवसभर उन्हात राबायचं, पाणी कमी प्यायचं आणि संध्याकाळी मेडिकलवरून डायक्लोफेनॅकसारखी गोळी घ्यायची. अंगात पाणी कमी असताना अशी गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवते. रोजची सवय झाली तर धोका मोठा.

किडनी दुखून सांगत नाही. पायावर, तोंडावर सूज येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

2016 पासून केंद्राच्या योजनेतून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही ते आहे. मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनवर. सोबत घरचा एक माणूस, गाडीभाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. हा भार बहुतेक घरावरच पडतो.

त्यापेक्षा तपासणी स्वस्त. तिशीनंतर बीपी आणि शुगर गावच्या उपकेंद्रात फुकट तपासून मिळते. यातलं काही वाढलेलं असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायलाच हवं.

येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल कुठे आहे? आणि तिशीपुढच्या किती जणांचा बीपी तपासून झाला? पहिल्याचं उत्तर ग्रामपंचायतीने द्यायचं, दुसऱ्यासाठी मात्र प्रत्येक घराला उपकेंद्राची पायरी चढावी लागेल.