वैद्याच्या मेजावरील संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे थांबविले. त्या दिवसापासून आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयातील व औषधालयातील संगणक एका चमत्कारिक अवस्थेत गेला. तो बंद पडलेला नाही. सकाळी कळ दाबली की सुरू होतो, बिले छापतो, जुन्या रुग्णाचा केसपेपर दाखवितो. मात्र त्याच्या प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजविण्याची सोय संपली, आणि विंडोज ११ ही पुढील प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक यंत्रांना अपात्र ठरविते. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देण्यात आली. व्यवसायासाठी तीच सोय मूल्य देऊन. साहजिकच नवा संगणक घ्यावा का, कोणता घ्यावा, आणि किती खर्च करावा, हे प्रश्न सभासद वैद्यांकडून व औषधविक्रेत्यांकडून आमच्यापुढे वारंवार येत आहेत.

आमचे मत आरंभीच सांगतो. दुकानात आपल्याला जे यंत्र दाखविले जाते ते आपल्या कामाच्या मानाने फार मोठे असते, आणि त्यावर जो पैसा जातो तो नेमका चुकीच्या अवयवांवर जातो. वेगवान प्रोसेसरवर हजारो रुपये मोजणारा गृहस्थ यूपीएससाठी घासाघीस करतो आणि माहितीच्या दुसऱ्या प्रतीसाठी एक रुपयाही काढून ठेवीत नाही. रुग्णाला औषध देताना आपण देश, काल, बल, सात्म्य यांचा विचार करतो. संगणक घेताना मात्र शेजाऱ्याने काय घेतले एवढेच पाहतो.

प्रथम आपले काम काय आहे ते पाहू. बाह्यरुग्णांची नोंद, केसपेपर, क्वचित नाडी-मूत्रादी परीक्षणाचा तक्ता; औषधालयात बॅच क्रमांक व मुदतीसह साठ्याची नोंद, बिल, महिन्याचे वा तिमाहीचे जीएसटी विवरण. २०१७ च्या ऑक्टोबरात आयुष मंत्रालयाने नमस्ते संकेतस्थळ सुरू केले; १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग नवी दिल्लीत प्रसिद्ध झाला आणि आयुर्वेदातील व्याधिनामांना तेथे संकेतांक मिळाले. ही सर्व कामे ब्राउझरमध्ये होतात. त्यांना लागते ती पुरेशी रॅम आणि चपळ साठवण. प्रोसेसरचा कस येथे फारसा लागतच नाही. आठ गिगाबाइट रॅममध्ये हे काम निभते, सोळांत ऐसपैस होते. साठवणीसाठी २५६ गिगाबाइटची एसएसडी पुरते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मुख्य साठवण म्हणून आता घेऊच नये. चार-पाच मिनिटे ‘विचार करीत’ बसणारे जुने यंत्र केवळ एसएसडी बसविल्याने तरतरीत होते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे.

आता बाजारातील दोन युक्त्यांविषयी. सीताबर्डीत काय किंवा धरमपेठेत काय, ‘आय-७ आहे, साहेब’ हे वाक्य कानी पडते. या अक्षरापुढील आकड्याला महत्त्व अधिक. आय-७ ६७०० हा सहाव्या पिढीचा, २०१५ चा प्रोसेसर. विंडोज ११ त्याला स्वीकारत नाही. उलट आय-३ ८१०० हा आठव्या पिढीचा साधा प्रोसेसर पात्र ठरतो. म्हणजे पेटीवर ‘सात’ लिहिलेले यंत्र बाद आणि ‘तीन’ लिहिलेले चालू, असा प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टची ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची छोटी निःशुल्क आज्ञावली दुकानातच चालवून पाहावी. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही. दुसरी युक्ती अधिक सूक्ष्म आहे. इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, परंतु त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते, आणि मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. एएमडीच्या रायझन मालिकेत ५६००जी मध्ये ही सोय आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. चिकित्सालयाला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. रंगीत दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटचीही नाही; ती रोषणाई गणेशोत्सवापुरती राहू द्यावी.

मार्ग तीन आहेत. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी निघणारी डेल, एचपी, लेनोव्हो यांची व्यावसायिक श्रेणीची यंत्रे तपासून पुन्हा विकली जातात. एकट्या वैद्याच्या चिकित्सालयासाठी आम्ही हाच मार्ग पहिला मानतो. आठव्या किंवा त्यापुढील पिढीचे, जीएसटीचे पक्के बिल व किमान एक वर्षाची लेखी हमी असलेले यंत्र घ्यावे. त्यातील एसएसडी मात्र नवी बसवून घ्यावी, कारण जुनी किती झिजली आहे हे वरून कळत नाही. यांपैकी अनेकांत विंडोजचा मूळ परवाना यंत्रातच नोंदलेला असतो, तोही मोठा लाभ. एक लहानशी अडचण अशी की, त्यांना पुष्कळदा डिस्प्लेपोर्टची खाच असते आणि आपला जुना मॉनिटर व्हीजीएचा. त्यासाठी जोडणीचा कन्व्हर्टर आधीच मागून घ्यावा.

दुसरा मार्ग सुटे भाग घेऊन जुळविण्याचा. आय-३ १२१०० सारखा चार गाभ्यांचा प्रोसेसर, एच६१० चा साधा मदरबोर्ड, आठ गिगाबाइट रॅमची एक पट्टी आणि दुसरी खाच मोकळी. मोकळी खाच ठेवण्यामागे कारण आहे. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव अकस्मात चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या स्मृतीकडे कारखान्यांनी आपली क्षमता वळविली, आणि सामान्य ग्राहकाला त्याची झळ बसली. अशा काळी लागेल तेवढेच घेऊन पुढची जागा राखणे शहाणपणाचे. (याच कारणाने येथे आम्ही किमती छापत नाही; त्रैमासिक हाती पडेपर्यंत त्या शिळ्या होतात.) तिसरा मार्ग नव्या तयार ब्रँडेड यंत्राचा, ज्यांच्याकडे दोन-तीन काउंटर आहेत आणि बिघाड झाल्यास घरपोच सेवा हवी आहे त्यांनी तो जरूर घ्यावा.

औषधालयमालकांसाठी एक सूचना. आपल्याकडील डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या समांतर जोडणीचा असेल, तर नव्या यंत्राच्या पाठीमागे ती खाच सहसा नसते. हे खरेदीनंतर ध्यानी येते, आणि मग चांगला चालणारा प्रिंटर अडगळीत जातो. आधी विचारावे. थर्मल प्रिंटरची बिले उन्हाळ्यात किती लवकर पांढरी पडतात हे नागपूरकरांना माहीत आहे. आपल्या स्वतःच्या नोंदी त्या कागदावर ठेवू नयेत.

येथे नागपूरच्या हवेचा विषय निघाला आहे, तर त्यावर थोडे थांबू, कारण संगणकांविषयीचे बहुतेक सल्ले थंड कार्यालयांत बसून लिहिलेले असतात. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश तापमान अनुभवले. २०२४ च्या मे अखेरीस तर येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले, आणि संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याला सांगावे लागले! यंत्रांचेही डोके फिरावे असा हा उन्हाळा. नवतपात दुपारी चिकित्सालय बंद असते, पण दार लावून ठेवलेल्या खोलीत संगणक व यूपीएस तापतच असतात. यूपीएसमधील शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते. म्हणून तीन वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे दीड-दोन वर्षांतच मान टाकते. दर वर्षी होळीनंतर ती तपासून घ्यावी. जूनमधील पहिल्या गडगडाटी पावसात वीज लपंडाव करते तेव्हा सहाशे व्हीएचा साधा यूपीएस काम सुरक्षित बंद करण्याइतका वेळ देतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीही जोडू नये, तो तापताना एकदम मोठा भार ओढतो. आणि यूपीएस घेण्यापूर्वी वीजतंत्रीकडून जमिनीची जोडणी तपासून घ्यावी. जुन्या वस्त्यांतील घरांत ती पुष्कळदा नावापुरतीच असते.

दुसरे संकट कूलरचे. खसच्या ताटीतून येणारा ओला झोत थेट कॅबिनेटवर येईल अशी मेजाची मांडणी आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. दमट हवा व धूळ यांचा जो लेप आतील पातीवर बसतो तो पंखा अडवितो, आणि यंत्र तापून मंद होते. तिसरे संकट खास आपल्या व्यवसायाचे. ज्या शहरातील एक चौकच औषधनिर्मात्याच्या नावाने, बैद्यनाथ चौक म्हणून, ओळखला जातो, तेथे चूर्णाच्या धुळीविषयी वेगळे सांगायला नको. औषधालयाच्या मागील खोलीत चक्की किंवा खल चालत असेल आणि पुढे संगणक असेल, तर शुंठी-मरिचाचे सूक्ष्म कण कॅबिनेटमध्ये जातात. तैलपाकाची वाफ त्यांना चिकटवून ठेवते. अशा ठिकाणी यंत्र जमिनीपासून उंच ठेवावे आणि तीन महिन्यांनी ते बंद करून, तार काढून, उघडून स्वच्छ करावे. कॅबिनेटच्या मागील उघड्या पट्ट्या बंद कराव्यात. उंदरांना ती बिळेच वाटतात. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस नाकारून ८० प्लस प्रमाणित, नामांकित बनावटीचा घ्यावा. यंत्र जुळविताना काटकसर कोठे करू नये असे विचारल्यास आम्ही याच भागाकडे बोट दाखवू. तो जाताना कधी कधी मदरबोर्डलाही बरोबर घेऊन जातो.

यंत्र गेले तर दुसरे येते. माहितीचे तसे नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. सहा वर्षे म्हणजे पुष्कळ यंत्रांच्या आयुष्याहून अधिक. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. आपल्याकडे ना तेवढे तंत्रज्ञ, ना तेवढी साधने. तेव्हा दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक आज, दुसरी पुढच्या आठवड्यात, अशा पाळीने प्रत काढावी. प्रत काढून होताच डिस्क यंत्रापासून सोडवावी, कारण जोडलेली डिस्कही हल्ल्यात सापडते. एक नेहमी घरी असावी. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून जुना एखादा केसपेपर खरोखर उघडतो का, हे पाहावे. एसएसडी बहुधा पूर्वसूचना न देता बंद पडते, म्हणून ही शिस्त आता पूर्वीपेक्षा अधिक हवी.

ज्यांचे बिलाचे काम ब्राउझरमधून चालते त्यांना विंडोज अनिवार्यही नाही. जुन्या यंत्रावर एसएसडी बसवून उबुंटू किंवा सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणाली चढविल्यास ते आणखी काही वर्षे सेवा देते. पत्रव्यवहारासाठी लिब्रऑफिस पुरते. टॅली अथवा मार्ग वापरणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग करण्यापूर्वी आपल्या पुरवठादारास विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ टक्के दराची आयुर्वेदिक औषधे ५ टक्क्यांवर आली तेव्हा ज्यांच्याकडे आज्ञावलीची रीतसर अद्ययावत सेवा होती, त्यांना दर बदलण्याचे काम सोपे गेले. चोरीची प्रत वापरणारे हाताने दर बदलीत बसले.

मराठीतून नोंदी ठेवणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा. तो विंडोजमध्ये व लिनक्समध्ये आधीपासूनच असतो आणि युनिकोडमध्ये लिहितो. जुन्या फाँटांतील केसपेपर नव्या यंत्रावर अक्षरांच्या निरर्थक रांगा होऊन उघडतात. जुने यंत्र चालू आहे तोवरच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

शेवटी जुन्या यंत्राविषयी. ते अदलाबदलीत देताना विक्रेता थोडी सूट देतो, आणि त्या सुटीपायी आपण रुग्णांची नावे, दूरध्वनी, व्याधी आणि त्यांच्या घरच्या गोष्टी एका अनोळखी माणसाच्या हाती देतो. फाइल पुसल्याने डिस्कवरील मजकूर जात नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ही जबाबदारी वैद्यावरही टाकतो. पण कायदा नसता तरी रुग्णाची गुप्तता आपण जपलीच असती. डिस्क यंत्रातून काढून स्वतःकडे ठेवावी, किंवा फोडून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. यंत्र बिनडिस्कचे विकले तर सूट थोडी कमी मिळेल, एवढेच.