‘ळ’ कुठे बसतो?

अजिंठ्याची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिली असतील. तेथील प्रत्येक लेण्याला क्रमांक आहे. साहजिकच वाटते, की पहिल्या क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने. पण ते आहे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. दहाव्या क्रमांकाचे लेणे त्याहून पाचशेपेक्षा अधिक वर्षांनी जुने आहे. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले म्हणजे लेणी जशी लागतात, तसे हे क्रमांक दिलेले आहेत. वयाप्रमाणे लावली तर यादी अगदी निराळी होईल. क्रम हा लेण्यांत नसतो. तो माणसाने ठरवलेला असतो.

संगणकातील डेटाबेसचेही असेच आहे. डेटाबेस म्हणजे माहितीचे कपाट आणि ते सांभाळणारा कारकून, दोन्ही एकत्र. ग्रंथालयातील पुस्तकांची नावे त्यात भरली आणि ‘अकारविल्हे लाव’ म्हटले, तर तो लावतो. पण कोणत्या वर्णमालेने? आपण शाळेत ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ म्हणतो. संगणकात मात्र अक्षरांच्या जागी आकडे असतात. युनिकोडमध्ये ‘ल’चा आकडा 2354, ‘ळ’चा 2355, ‘व’चा 2357 आणि ‘ह’चा 2361. नुसते आकडे पाहणारे यंत्र ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी लावणार. ‘क्ष’ला तर स्वतंत्र आकडाच नाही. तो ‘क’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘ष’ मिळून बनतो. म्हणून ‘क्षमा’ जाऊन बसते ‘कौल’ आणि ‘खडक’ यांच्या मध्ये. (‘क्ष’ला ‘क’च्या जोडाक्षरांत धरावे असे मानणारे कोशकारही आहेत. पण ते त्यांनी विचार करून ठरवलेले असते, आकड्याने नव्हे.)

हा क्रम ठरतो तरी केव्हा? डेटाबेस यंत्रावर बसवताना. आणि माझी तक्रार इथेच आहे. बसवणे म्हणजे एक कळ दाबणे, अशी आपली समजूत करून दिली गेली आहे.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे उदाहरण घेऊ. 1986 साली बर्कली येथील विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले आणि 1996 पासून तो पोस्टग्रेस-क्यूएल या नावाने ओळखला जातो. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे, फुकट आहे, आणि ती वाचता येते. आता तो एखाद्या कंपनीने विकलेल्या युनिक्सवर, समजा सोलारिसवर, बसवायचा आहे. आज्ञावली सी भाषेत आहे. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा दिली की ती यंत्राची तपासणी करते: कंपायलर आहे का, कोणती साधने आहेत, काय कमी आहे? मग ‘मेक’ ही आज्ञा सी भाषेतील मजकुराचे त्या यंत्राच्या भाषेत रूपांतर करते. इथे पहिली ठेच लागते. कंपनीचे ‘मेक’ चालत नाही, जीएनयूचे लागते. शिवाय कित्येक व्यापारी युनिक्सवर कंपायलर वेगळा विकत घ्यावा लागे. या अडचणी त्रासदायक खऱ्या, पण प्रत्येक अडचणीतून यंत्राचा एक भाग ओळखीचा होतो.

शेवटची पायरी ‘इनिटडीबी’, म्हणजे रिकामे कपाट तयार करणे. वर्णक्रमाचा नियम इथे ठरतो. तुम्ही काही सांगितले नाही, तर पोस्टग्रेस तो त्या वेळी युनिक्सवर जी मांडणी चालू असेल तिच्यातून उचलतो. एका कंपनीचे नियमपुस्तक दुसरीसारखे असेलच असे नाही. आणि मांडणी नुसती ‘सी’ असेल, तर केवळ आकड्यांचा क्रम.

क्रम चुकला तर शब्द इकडचा तिकडे दिसेल, एवढेच ना? नाही. एक लाख शब्दांच्या सूचीत डेटाबेस शब्द कसा शोधतो? आपण कोश मध्येच उघडून ‘पुढे की मागे’ पाहतो, तसा. दर वेळी निम्मी सूची बाद होते, म्हणून सुमारे 17 तुलनांत काम होते. पण सूची एका नियमाने लावली आणि शोधताना दुसरा नियम वापरला, तर शब्द जागेवर असूनही ‘नाही’ असे उत्तर येते. 2018 साली लिनक्सच्या जी-लिबसी या पायाभूत भागाची 2.28 आवृत्ती आली आणि तिने वर्णक्रमाचे नियम बदलले. त्या वेळी जगभर पोस्टग्रेसच्या सूची पुन्हा बांधाव्या लागल्या.

यावर उपायही खुल्या आज्ञावलीतूनच आला. आयसीयू नावाचे एक खुले साधन आहे. त्यात मराठीचा स्वतंत्र नियम लिहिलेला आहे: ‘ह’, मग ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस ते वापरू शकतो, आणि 2022 च्या पंधराव्या आवृत्तीपासून संपूर्ण डेटाबेससाठी वापरू शकतो. म्हणजे युनिक्स विकणाऱ्या कंपनीला मराठी येते की नाही, यावर आपली वर्णमाला अवलंबून राहत नाही.

कोणी म्हणेल, हे विक्रेत्याच्या माणसावर सोपवावे. बँकेच्या यंत्राबाबत मला ते मान्य आहे. तिथे जबाबदारीचा करार हवा. परंतु शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची सूची होत असेल, तर वर्णक्रम कोणी आणि कोणता ठरवला हे तेथील शिक्षकांनी विचारलेच पाहिजे, आणि बसवण्याचे काम विद्यार्थ्यांच्या हातून करून घेतले पाहिजे. व्यापारी युनिक्सही कायमचे सोबती नाहीत. पोस्टग्रेसने 2023 मध्ये एचपी-यूएक्सचा आणि 2024 मध्ये एआयएक्सचा आधार काढून टाकला. सूची मात्र पुढच्या यंत्रावर न्यावीच लागते.

तुमच्या शाळेत लिनक्सचा साधा संगणक असेल तर त्यावरही याच पायऱ्या आहेत. शिक्षकांच्या मदतीने पोस्टग्रेस बसवा आणि हे सात शब्द भरा: हळद, काव्य, ज्ञान, काल, खडक, काळ, क्षमा. एकदा ‘सी’च्या नियमाने लावा, एकदा मराठीच्या. पहिल्या यादीत शेवटी ‘हळद’ येईल, दुसरीत ‘ज्ञान’. सातांपैकी एकच शब्द दोन्ही याद्यांत त्याच जागी राहतो. तो कोणता, हे यंत्राला विचारण्याआधी कागदावर काढून पाहा.