लॉसलेस आवाज कोणासाठी?

ब्लू-रे डिस्क विकत घेणारे आता थोडेच उरलेत. पण त्यांच्यातला एक जुना वाद अजून मिटलेला नाही. डिस्कवरचा आवाज ‘लॉसलेस’ असलाच पाहिजे का? एक गट म्हणतो, नसेल तर डिस्क घेऊच नका. दुसरा म्हणतो, फरक कोणाला ऐकू येतो? हा पैसेवाल्यांचा शौक आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे उच्चार हे माझे रोजचे काम. माझे मत असे की पहिल्या गटाची मागणी बरोबर आहे, पण तिच्यासाठी दिलेले कारण चूक आहे.

मुळात लॉसलेस म्हणजे काय? शेरवानी बॅगेत मावत नसेल तर दोन उपाय असतात: नीट घडी घालायची, नाहीतर बाह्या कापायच्या. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ घडी घालतात. उलगडल्यावर मूळ आकडा न् आकडा परत मिळतो. डॉल्बी डिजिटल आणि साधे डीटीएस कात्री लावतात. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला जाणवणार नाही, तो हिशेबाने टाकून देतात. चोवीस बिटांचा, ४८ किलोहर्ट्‌झचा सहा चॅनेलचा मूळ आवाज सेकंदाला सुमारे ६.९ मेगाबिट घेतो. ब्लू-रेवर डॉल्बी डिजिटलची कमाल मर्यादा ६४० किलोबिट, म्हणजे साधारण अकरावा हिस्सा.

आकडे पाहिले की धक्का बसतो. २००७ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ एचडी डीव्हीडीवर लॉसलेस आवाजाशिवाय आला, तेव्हा हौशी मंडळी नाराज झाली ती यामुळेच. पुढच्या वर्षी तोच चित्रपट ब्लू-रेवर ट्रूएचडीसह आला.

पण आकडा म्हणजे कान नव्हे. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आले. फिल्मच्या कडेच्या छिद्रांमधल्या जागेत छापलेला तो आवाज फक्त ३२० किलोबिटचा होता, आणि लोक भारावून गेले. घरच्या डिस्कवर त्याच्या दुप्पट मिळते. शिवाय घरातली तुलना सहसा सरळ नसते. दोन ट्रॅकपैकी एक किंचित मोठा असला तरी तो ‘चांगला’ वाटतो. कधी मिश्रणच वेगळे असते. कित्येकांनी प्लेअर ऑप्टिकल केबलने जोडलेला असतो. त्या केबलमधून सहा चॅनेलचा लॉसलेस आवाज जाऊच शकत नाही. वेष्टनावर काहीही लिहिलेले असो, ऐकू येतो तो कात्री लागलेलाच. तेव्हा बैठकीच्या खोलीत बसून एकदा चित्रपट पाहायचा असेल, तर ६४० किलोबिट पुरेसे आहेत. खोली, स्पीकर आणि मूळ मिश्रण यांनी पडणारा फरक याहून कितीतरी मोठा असतो.

मग लॉसलेस हवे कशाला? डिस्क एकदा पाहून संपत नाही, तिच्यावरून पुढे नकला निघतात, म्हणून.

शिक्षकांना झेरॉक्सची झेरॉक्स काय असते ते सांगावे लागत नाही. उर्दूच्या प्रश्नपत्रिकेत आधी नुक्ते उडतात. ‘ज़लील’च्या पहिल्या अक्षरावरचा नुक्ता गेला की उर्दू लिपीत ‘दलील’ होते. अपमानित माणसाचा युक्तिवाद होतो! आवाजाचेही तसेच आहे. वर्गात तलफ्फुज शिकवायला मी जुन्या चित्रपटांतले संवाद ऐकवतो, कारण आमच्या मुलांच्या कानावर तो लहजा आता दुसरीकडे फारसा पडत नाही. ‘जलील’ म्हणजे थोर आणि ‘ज़लील’ म्हणजे तुच्छ. ‘सजा’ आणि ‘सज़ा’ यांतही तेवढेच अंतर. ‘ज़’मधले घर्षण वरच्या कंपनांत असते, आणि जागा कमी पडली की कात्री आधी तिथेच चालते. डिस्कवरचा तुकडा काढला, फोनसाठी लहान केला, पुढे पाठवला, कोणी पुन्हा लहान केला, की प्रत्येक वेळी नव्याने काटछाट होते. पहिली प्रत पूर्ण असेल तर निदान तिच्याकडे परत जाता येते. ती आधीच कापलेली असेल, तर परत जायचे कुठे?

यावर उत्तर येईल की जुन्या चित्रपटांचा आवाज मोनो आणि मुळातच मर्यादित, त्याला लॉसलेस कशाला? मला हे उलटे वाटते. जुन्या ऑप्टिकल ट्रॅकमध्ये वरची कंपने आधीच कमी असतात. जे उरले आहे त्यातून आणखी कापणे परवडत नाही. शिवाय खर्च किती? अडीच तासांचा मोनो आवाज अजिबात न दाबता ठेवला तरी सुमारे १.३ जीबी होतो, आणि दोन थरांच्या ब्लू-रेत ५० जीबी मावतात. जागेची सबब इथे चालत नाही. खरखर काढण्याच्या नावाखाली आवाजाचा श्वासच काढून टाकणारी ‘सफाई’ मात्र थांबली पाहिजे. तशी सफाई करून दिलेला लॉसलेस ट्रॅक म्हणजे बाह्या कापलेल्या शेरवानीची व्यवस्थित घडी.

स्ट्रीमिंगवर चित्रपटांचा आवाज सहसा कात्री लागलेलाच मिळतो, आणि करार संपला की चित्रपटही गायब होतो. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. आपल्या बोलण्याचा पडद्यावरचा पहिला आवाजच आपण गमावून बसलो आहोत. तो परत मिळणार नाही. पण जे चित्रपट अजून हाती आहेत, ते नव्याने डिस्कवर काढणाऱ्यांकडे एवढे तरी मागावे: मूळ ट्रॅक, न छाटलेला, मोनो असेल तर मोनोच. आम्हाला घरी फरक ऐकू येतो की नाही, हा प्रश्न गौण आहे. वीस वर्षांनी एखाद्या शिक्षकाला वर्गात ‘ज़’ ऐकवायचा असेल, तेव्हा तो कुठेतरी शाबूत असला पाहिजे.