रोपासाठी कुंडी निवडताना

गेल्या वर्षी खालाजाननी गावाहून घोसाळ्याच्या १२ बिया पाठवल्या. त्यांच्या परसात वर्षानुवर्षे चालत आलेले वाण. आम्ही त्या चहाच्या कागदी कपांत पेरल्या. कागद आहे, मातीत कुजेल, या भरवशावर पाऊस पडताच कपासकट रोपे जमिनीत लावली. महिनाभरात दहा रोपे पिवळी पडून गेली. उपटून पाहिले तर बाहेरचा कागद लगदा झालेला, पण आतले प्लॅस्टिकचे पातळ अस्तर जसेच्या तसे. मुळे आतल्या आत गोल फिरून अडकली होती.

वाचलेल्या दोन वेलींवरची चार घोसाळी आम्ही भाजीला न तोडता बियांसाठी वाळू दिली. त्यामुळे यंदा कुंडी पारखून घेतली.

पहिला प्रश्न असा, की कुजणारी कुंडी हवी कशाला? टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे उपटून लावली तरी जगतात. त्यांना साधा वाफा किंवा ट्रे पुरतो. काकडी, दुधी, दोडका, घोसाळे यांच्या मुळांना मात्र धक्का सोसत नाही. त्यांच्यासाठीच कुंडीसकट लावण्याचा खरा उपयोग.

बाजारातल्या काथ्याच्या कुंड्या मजबूत असतात आणि त्यांतून मुळे बाहेर पडतात. पण त्या लवकर सुकतात. काथ्यात खारेपणा असू शकतो, म्हणून वापरण्यापूर्वी भिजवून पाणी टाकून द्यावे. करवंटी दिसायला छान, पण ती कुजायला फार काळ लागतो. लावताना रोप बाहेर काढावेच लागते. अंड्याचे कवच वेलभाज्यांच्या मुळांना अपुरे पडते. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या प्लॅस्टिकसारख्या पेल्यांचेही तसेच. त्यांतल्या बऱ्याच पेल्यांना कुजण्यासाठी कारखान्यातल्या खतप्रकल्पाची उष्णता लागते, ती आपल्या वाफ्यात मिळत नाही.

आमची पसंती वर्तमानपत्राला. चकचकीत रंगीत पुरवणी नको, साधे पान घ्या. १५ सेंटीमीटर रुंद पट्टी पेल्याभोवती दोन-तीन वेढे गुंडाळा, पेल्याच्या बुडाखाली ५ सेंटीमीटर कागद मोकळा ठेवून तो आत दुमडा, दाबा आणि पेला ओढून घ्या. गोंद लागत नाही, पिनही नको. माती-शेणखत भरून या पुड्या एका पसरट ताटात एकमेकींना चिकटून उभ्या करा, म्हणजे उसवत नाहीत. पाणी ताटात घाला, अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाका.

दोन-तीन आठवड्यांत खरी पाने दोन-तीन झाली की रोप लावा. आधी पुडी चिंब भिजवा, बूड हलकेच फाडा. आणि कागदाची कड मातीवर डोकावू देऊ नका. उघडी राहिलेली कड सुकते आणि मुळांजवळचा ओलावा वर ओढून घेते.

वाळलेल्या घोसाळ्यांच्या जाळीतून बिया झटकल्या, तेव्हा ओंजळ भरली. निम्म्या आम्ही डब्यात जपून ठेवल्या. पुन्हा चूक झाली, तर वाण हातचे जाऊ नये. उरलेल्या मेच्या शेवटच्या आठवड्यात कागदी पुड्यांत पेरू. खालाजाननाही एक पुडी पाठवली आहे. त्यांच्याकडचा वेल यंदा उगवलाच नव्हता.