सुरतेची मराठी मुले आणि सरकारचा हात

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. गोव्यातील मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या पिढीलाही हे शहर भेटले ते इतिहासाच्या पुस्तकात, लुटीच्या प्रकरणात. आज खानदेशातला माणूस तिथे जातो तो भुसावळकडून येणाऱ्या गाडीने, नंदुरबार-नवापूर करीत, आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत भाड्याची खोली शोधतो. घरात अहिराणी, कामावर गुजराती-हिंदीची खिचडी. यंत्रमागाच्या कारखान्याला तिथे ‘खाते’ म्हणतात, आणि खात्यातली पाळी बारा तासांची असते.

सुरतेच्या महापालिकेच्या एका गोष्टीचे मला मनापासून कौतुक वाटते. तिच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू. जो कामाला आला त्याच्या मुलाला त्याच्या भाषेत शाळा, असा साधा हिशेब. (आम्ही गोवेकरांनी माध्यमाच्या प्रश्नावर २०११ पासून किती शाई आणि घसा खर्च केला, ते इथे सांगत बसत नाही.) पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच. आठवी झाली की कायद्याने धरलेला हात सुटतो, आणि मुलगा बिघडायचा तो नेमका त्यापुढे. महापालिकेने ‘सुमन’ नावाच्या माध्यमिक शाळा काढल्या त्या या गळतीला बांध घालण्यासाठीच. माध्यमिक शिक्षण ही महापालिकेची सक्तीची जबाबदारी नसताना तिने ती उचलली, हे विसरता कामा नये.

तरीही मुले गळतात. खोली दहा बाय दहाची. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला, आई साडीवर टिकल्या चिकटवीत बसलेली, नगामागे पैसे. घरात आवाज करायचा नाही म्हणून पोरगा बाहेर, आणि बाहेर रस्ता. तेरा वर्षांची बहीण आईला मदत करते त्याला बालमजुरी म्हणायचे का? २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला मुलांना मोकळीक दिली. व्यापाऱ्याने गठ्ठा घरी पाठवला की तोही कुटुंबाचा धंदा! चौदा ते अठराच्या मुलांना तर धोकादायक कामे सोडली की बाकी सारी दारे उघडी. साडीच्या दुकानात घड्या घालणारा पंधरा वर्षांचा पोर कुठल्याच सरकारी नोंदीत ‘संकटात’ नसतो. तो नोंदीत येतो एकदम पोलीस ठाण्यावर.

पोलिसांनीही काही केले नाही असे नाही. ‘नो ड्रग्स इन सुरत सिटी’ ही त्यांची मोहीम गाजली. फेऱ्या निघाल्या, शपथा झाल्या. शपथेला माझी हरकत नाही. पण शपथ सकाळी शाळेत होते आणि प्रश्न संध्याकाळी सात ते दहाचा आहे. त्या तीन तासांत पोरांना कोण सांभाळतो? मंडळे. श्रावणात कानबाई बसते, मग गणपती येतात, आणि वर्षभर कोनाकोपऱ्यात उनाडणारी तीच पोरे वर्गणी काढतात, मंडप बांधतात, रात्र जागवतात. गणपती बुडाले की मंडळही बुडते, पुढच्या वर्षापर्यंत. सरकारचा खरा आधार इथे हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे मूर्तीसाठी नकोत. एक खोली, दिवा, कॅरमबोर्ड, आणि वस्तीतलाच एखादा मोठा भाऊ पगारावर, तोही निदान पाच वर्षे.

हिऱ्यांच्या धंद्याचे उदाहरण ताजे आहे. मंदी आली, घंट्या (हिरा घासण्याची चाके) थांबल्या, रत्नकलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. जुलै २०२४ मध्ये हेल्पलाइन उघडली ती कामगारांच्या युनियनने, स्वतःच्या बळावर. गुजरात सरकारचे पॅकेज आले मे २०२५ मध्ये : बेकार झालेल्या रत्नकलाकाराच्या मुलांची वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंतची फी सरकार भरणार, एका वर्षासाठी. हे चांगलेच झाले. मात्र एवढ्या महिन्यांत नाव काढून कामाला लागलेला मुलगा फी भरली म्हणून दप्तर घेऊन परत येतो, असा माझा अनुभव नाही. हाताला चार पैशांची सवय लागली की बाकावर बसवत नाही.

सरकारने संस्थांना हाताशी धरावे म्हणतो, तेव्हा १०९८ ची गोष्टही सांगायला हवी. चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली ती सरकारचा पैसा आणि गावोगावच्या संस्थांची माणसे अशा जोडीवर. २०२३ मध्ये सरकारने हे काम आपल्याकडे घेतले, ११२ शी जोडले. नंबर तोच राहिला. वस्तीतली गल्ली न् गल्ली पाठ असलेली संस्थांची माणसे मात्र बाजूला पडली, आणि अशी माणसे जाहिरात देऊन मिळत नाहीत.

आता आपल्या घरी येऊ. २००३ चा गोवा बालकायदा आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. पण आपल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा एकेक करून बंद पडत आहेत, आणि ज्या तगल्या आहेत त्यांच्या पटावर नजर टाका. अनेक ठिकाणी ती कामासाठी आलेल्यांची मुले आहेत : बांधकामावरची, मासळीच्या जेटीवरची, भंगारवाल्याची. मराठीसाठी मोर्चे काढणारे आपण त्या मुलांना मात्र ‘भायले’ म्हणतो! सुरतेतल्या गुजराती माणसाने लिंबायतच्या पोराला तसे म्हटले तर आपल्याला कसे वाटेल?

आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीवर उपाय तयार उभा आहे. गावोगावी ओस पडलेल्या, कौलारू, चांगल्या बांधणीच्या शाळा आहेत. पंचायतीने ठराव घ्यावा, शिक्षण खात्याने किल्ली द्यावी, विजेचे बिल सरकारने भरावे. भजनाचा सराव, अभ्यास, कॅरम, काहीही चालेल. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर ग्रामसभेत भांडण होणार, हे मी आजच लिहून देतो.