ओझे कुणाच्या पाठीवर?

लांब पल्ल्याच्या डोंगरयात्रेसाठी हलके सामान कसे निवडावे, या प्रश्नात मराठीच्या प्राध्यापकांनी का पडावे, असा आक्षेप येणार हे गृहीत धरूनच आम्ही हे टिपण लिहीत आहोत. अर्धापूर हे केळीच्या बागांचे, काळ्या रानाचे, सपाट मुलखातले गाव. माहूरचे डोंगर आमच्याच जिल्ह्यात असले तरी ज्याला सह्याद्री म्हणावे तो इथून एका रात्रीच्या प्रवासाइतका दूर. तरीही आमचे विद्यार्थी राजगड-तोरणा, पन्हाळा-विशाळगड अशा वाटांवर जातात, हिमालयातल्या शिबिरांसाठी नावे नोंदवतात, आणि परत आल्यावर प्रवासवर्णने लिहून आमच्यापुढे ठेवतात. जाण्यापूर्वीची सामानाची यादी आणि आल्यानंतरचे प्रवासवर्णन या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत असते : हलकेपणा ही प्रवाशाची स्वतःची कमाई आहे. आमचा विरोध या समजुतीला आहे.

हलकेपणाविषयी सध्या दोन पक्ष बोलताना आढळतात. पहिला पक्ष बाजाराचा. त्याच्या मते हलकेपणा विकत मिळतो. सॅक अमुक कापडाची, झोपण्याची पिशवी हंसाच्या पिसांची, काठ्या कार्बनच्या. जितके ग्रॅम कमी तितकी किंमत जास्त. दुसरा पक्ष परंपरेचा. तो म्हणतो, हे सगळे चोचले आहेत. आमचा वारकरी खांद्यावर पताका आणि पाठीला पडशी घेऊन शेकडो मैल चालत आला, त्याला कुठे लागली ही सामग्री? पहिला पक्ष आमच्या विद्यार्थ्यांना दुकानात पाठवतो, दुसरा त्यांना सुती सदऱ्यावर पावसात पाठवतो. दोघांचाही हिशेब अपुरा आहे.

आधी बाजाराचा पक्ष घेऊ. पाश्चात्त्य पदयात्रिकांत एक मापन रूढ आहे. अन्न, पाणी आणि इंधन वगळता पाठीवर जे उरते त्याला ते मूळ वजन म्हणतात. हे मूळ वजन सुमारे ९ किलोच्या आत असले तर सामान हलके, सुमारे साडेचार किलोच्या आत असले तर अतिहलके. हे मापन उपयुक्त आहे. पण ज्या परंपरेतून ते आले तिचा इतिहास बाजार सांगत नाही. १९५५ साली एमा गेटवूड नावाची, ओहायो राज्यातली, अकरा मुलांची ६७ वर्षांची आई अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांबीची डोंगरवाट एकटी चालून गेली. तिच्याजवळ तंबू नव्हता, झोपण्याची पिशवी नव्हती. स्वतः शिवलेली जाड कापडाची झोळी, लष्करी कांबळे, न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा आणि पायात साधे कापडी बूट. पुढे १९९० च्या दशकात ही विचारसरणी पद्धतशीरपणे मांडणारा रे जार्डिन हा गिर्यारोहकही आपली सॅक आपण शिवावी याच मताचा होता. म्हणजे ज्या चळवळीच्या नावावर आज महागडे कापड विकले जाते, तिच्या आरंभी शिवणयंत्र आणि घरातली जुनी वस्तू आहे.

वजन कमी करण्याचे पहिले साधन तराजू. किराणा दुकानातला काटासुद्धा चालेल. प्रत्येक वस्तू त्यावर ठेवावी आणि आकडा कागदावर लिहावा. स्टीलची बाटली रिकामीच काही शे ग्रॅम भरते. पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली वीस-तीस ग्रॅमची असते. जीन्सची दुसरी विजार, आंघोळीचा पंचा, साबणाची डबी, चादर, चार दिवसांसाठी चार सदरे हे सगळे काढून टाकायला एक रुपयाही लागत नाही. पैसे लागतातच तर ते सॅक, निवारा आणि अंथरूण-पांघरूण या तीन वस्तूंसाठी, कारण मूळ वजनाचा मोठा भाग याच तिघांत असतो. तिथेही दोघांत एक ताडपत्री, तीन-चारशे ग्रॅमची फोमची चटई आणि सॅकच्या आत घातलेली जाड प्लास्टिकची पिशवी यांवर सह्याद्रीतला हिवाळा निभावतो. शेतात खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन निंदणी करणाऱ्या घरातल्या मुलाला प्लास्टिकचा हा उपयोग शिकवावा लागत नाही. तो दुकानात मिळत नाही म्हणून त्याला लाज वाटते एवढेच. ही लाज कुणी निर्माण केली, हा खरा प्रश्न.

आमच्या पाहण्यात एका शिबिराची यादी आली. तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे कंपनीचे नाव होते, वस्तू कशासाठी हवी ते कुठेच नव्हते. ती यादी वाचून दोन मुलींनी नावे मागे घेतली. ‘भिजले तरी ऊब देणारा एक थर’ असे यादीत लिहिले असते तर त्यांनी घरातली लोकरीची बंडी पुढे केली असती. उपयोगाच्या जागी नाममुद्रा आली की भाषा गरिबाला दाराबाहेर ठेवते. हे मराठीच्या प्राध्यापकांनी सांगायचे नाही तर कुणी?

आता परंपरेचा पक्ष. वारकऱ्याचे उदाहरण देणाऱ्यांनी वारी नीट पाहिलेली नाही, असे आम्ही आदरपूर्वक म्हणतो. आळंदी ते पंढरपूर या वाटेवर दिंडीबरोबर ट्रक चालतो. त्यात वळकट्या, तंबू, शिधा, भांडी असतात. पाण्याचे टँकर असतात. मुक्कामाच्या गावी पंगती उठतात. वारकरी हलका चालतो, कारण त्याचे ओझे दिंडीने आणि वाटेवरच्या गावांनी वाटून घेतलेले असते. हे वारीचे वैगुण्य नाही. हेच तिचे सामाजिक शहाणपण. नर्मदा परिक्रमेचेही तसेच. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे, भारती ठाकूर यांच्या पुस्तकांपर्यंत मराठी वाचकाने परिक्रमावासी पाहिला तो जवळजवळ रिकाम्या हातांचा. पण त्या रिकाम्या हातांमागे सदावर्ते आहेत, आश्रम आहेत, आणि स्वतःच्या घरात फारसे नसताना परिक्रमावासीयाला शिधा देणारी किनाऱ्यावरची गरीब माणसे आहेत. एमा गेटवूडलाही वाटेत अनोळखी लोकांनी जेवू घातले होते. व्यवस्था वजा करून हलकेपणा तेवढा उचलता येत नाही. घाटमाथ्यावरच्या निर्मनुष्य सोंडेवर सदावर्त नसते.

परंपरेलाही आपल्या वस्तूंचे शास्त्र होते, हे तिच्या या वकिलांना ठाऊक नसावे. घोंगडी घ्या. ती अंथरूण होते, पांघरूण होते, डोक्यावर घेतली की पावसाची खोळ होते. ओली झाली तरी लोकर काही ऊब धरून ठेवते. एका वस्तूने तीन कामे करावीत हा अतिहलक्यांचा सिद्धांत धनगराने कधीच आचरला आहे. पण तीच घोंगडी दोन किलोच्या आगेमागे भरते आणि भिजली की तिचे वजन फार वाढते. म्हणून वस्तू जुनी की नवी यावर निवड ठरत नाही. कुठल्या डोंगरात, कुठल्या ऋतूत, यावर ठरते. हंसाची पिसे कोरड्या थंडीत सर्वोत्तम, पण भिजली की फुगत नाहीत आणि निरुपयोगी होतात. पावसाळी सह्याद्रीत त्यांपेक्षा कृत्रिम तंतूचे पांघरूण बरे. सुती कापड घाम आणि पाऊस धरून ठेवते आणि वारा सुटला की अंगातली ऊब काढून घेते. ‘आपल्या पूर्वजांनी सुतीच घातले’ हे वाक्य अशा वेळी संस्कृतीचे रक्षण करत नाही, एका विद्यार्थ्याचा जीव धोक्यात घालते. उलट अन्नाच्या बाबतीत जुने शहाणपण आजही पुरते. शंभर ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. शेंगदाण्याचा लाडू, दशम्या, सातूचे पीठ यांना वजनाच्या हिशेबात मागे टाकणारे पाकीटबंद अन्न फारसे नाही.

इथवर दोन्ही पक्षांचा प्रतिवाद झाला. आता आमच्या स्वतःच्या क्षेत्राकडे, म्हणजे प्रवासवर्णनाकडे वळू, कारण मूळ दुखणे तिथे आहे.

विद्यार्थ्यांच्या हिमालयीन वर्णनांत एक व्याकरणिक सवय आम्हाला सातत्याने आढळते. चालतो तो ‘मी’. शिखर पाहतो तो ‘मी’. थकतो, रडतो, अंतर्मुख होतो तोही ‘मी’. पण सामान मात्र ‘पोहोचलेले असते’. तंबू ‘उभारले जातात’. चहा ‘येतो’. कर्तरी प्रयोग अनुभवासाठी राखून ठेवलेला आणि कष्टांसाठी कर्मणी, किंवा कर्ताच गाळलेले वाक्य. ज्या खेचरवाल्याने ते सामान नेले, ज्याने पहाटे उठून पाणी तापवले, त्याला वाक्यात जागा नाही. ही सवय मुलांनी शोधून काढलेली नाही. छापील प्रवासवर्णने वाचून ती त्यांच्या हाताला लागली. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर साडेतीनशेहून अधिक हमाल निघाले होते, पण जगाच्या पाठ्यपुस्तकांत दोनच नावे राहिली. आणि त्यांतले दुसरे नाव ओझे वाहण्यापासूनच वर आलेल्या माणसाचे होते, हे आपण विसरतो. १९७५ साली मेसनर आणि हाबेलर या दोघांनी गाशरब्रुम-१ हे आठ हजार मीटरांवरचे शिखर प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय, हलक्या सामानाने गाठले आणि गिर्यारोहणाचा इतिहास बदलला. तेही योग्यच. परंतु पायथ्यापर्यंत हमाल त्यांनाही लागले होते.

याच्या उलट विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहावा. वरसईचा हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकला, लुटला गेला, आणि अखेर काशीहून गंगेची कावड घेऊन घरी आला. त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. हलक्या सामानाच्या कुठल्याही शास्त्रात कावडभर पाणी बसत नाही. तरी ते ओझे त्याने का वाहिले हे त्याला पक्के माहीत होते. ओझ्याचा हेतू आणि ओझ्याचा वाहणारा, दोन्ही त्या कथनात उघड आहेत. आजच्या कथनात नेमके हेच दोन धागे गळून पडतात.

मराठवाड्यात राहून ओझ्याविषयी असे बोलावे लागते, कारण ओझे हे इथे रूपक नाही. ऊसतोडीला गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या आया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे समीकरण लातूरकराला शिकवावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये त्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आले होते. आणि तरीही आमचाच विद्यार्थी डिसेंबरनंतर सह्याद्रीत जातो तेव्हा वाटेवरच्या पाड्यात तीन बाटल्या भरून घेतो आणि आपण कमी पाणी वाहून किती हलके चाललो, हे अभिमानाने लिहितो. त्या हंड्यातले पाणी कुण्या बाईने डोक्यावरून चढ चढत आणलेले असते. त्याचे दोन-तीन किलो कमी झाले नाहीत, ते फक्त एका डोक्यावरून त्याच्या नकळत आधीच वाहिले गेले.

म्हणून हलकेपणाची आमची कसोटी अशी : सॅकमधून काढलेली प्रत्येक वस्तू कुठे गेली? ती घरी कपाटात राहिली असेल, तर तो खरा हलकेपणा. ती दुसऱ्याच्या पाठीवर गेली असेल, तर ते निव्वळ स्थलांतर. पावसाचा कोट घरी ठेवून सोबत्याच्या कोटात शिरणारा, विजेरी न आणता मित्राच्या उजेडात उतरणारा, औषधांची पिशवी दुसऱ्यावर सोडणारा गडी हलका नसतो, उसनवारीवर असतो. ऊब देणारा कोरडा थर, पावसापासून आडोसा, विजेरी, प्रथमोपचार आणि पुढच्या खात्रीच्या टाक्यापर्यंत पुरेल इतके पाणी यांत काटकसर करू नये. बाकी सर्वांत निर्दयपणे करावी.

कुणी म्हणेल, हमालाच्या रोजीरोटीवर तुम्ही घाला घालता. मुळीच नाही. आजारी, वयस्क, दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने हमाल घ्यावा, खेचर घ्यावे. पण ते वजन किती हे आधी स्वतः उचलून पाहावे, मजुरी ठरवून द्यावी, आणि आपल्या पायात जसे बूट आहेत तसे त्याच्या पायात आहेत का, याची चौकशी करावी. हिमालयातल्या वाटांवर सहाशे ग्रॅमचे जाकीट घातलेल्या पाहुण्याचे सामान पातळ स्वेटरातला पोरगा नेत असतो. त्या पाहुण्याच्या सामानशास्त्रात त्या पोराचे पांघरूण मोजलेच गेलेले नसते.

आमच्यापुरते आम्ही दोन नियम केले आहेत आणि इतर मराठी विभागांनीही ते करावेत असा आग्रह धरतो. सहलीला निघणाऱ्याला द्यायच्या यादीत कंपनीचे नाव येणार नाही; वस्तूचे काम आणि तिचे कमाल वजन येईल. आणि प्रवासवर्णन तपासताना, ‘सामान पोहोचले’ असे वाक्य दिसले की समासात एकच शब्द लिहिला जाईल : कुणी?